तुम्ही विचारलंत म्हणून: रणगाड्याला चिखल का लावता?

मी रणगाड्यांची छोटी प्लास्टिक मॉडेल जोडतो आणि रंगवतो. प्रदर्शनातल्या टेबलाशी, घरी आलेल्या पाहुण्यांकडून आणि एकदा तर बँकेच्या रांगेतसुद्धा मला हाच प्रश्न विचारला गेला आहे: इतका सुबक जोडलेला, एकसारखा रंगवलेला रणगाडा तुम्ही शेवटी गंज आणि चिखल फासून घाण का करता? आजवर मी ‘खरा वाटावा म्हणून’ एवढेच सांगून सुटका करून घेत आलो. ते उत्तर अलीकडे माझे मलाच पटेनासे झाले आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. किट कितीला पडते, वेळ कुठून काढता आणि या वयात खेळणी कशाला, हे प्रश्न बाजूला ठेवतो. ते विचारणारे उत्तरासाठी थांबत नाहीत.

पुष्कळ जण पुरावाही देतात की, नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये सगळे रणगाडे कसे स्वच्छ उभे आहेत. 1994 मध्ये सुरू झालेले ते संग्रहालय मलाही प्रिय आहे आणि सेंच्युरियन या ब्रिटिश बनावटीच्या रणगाड्याच्या मागच्या भागाची ठेवण मी तिथेच समजून घेतली. परंतु उघड्यावर ठेवलेले कोणतेही वाहन टिकवायचे तर त्याला वेळोवेळी रंग द्यावाच लागतो. थरावर थर चढतो, कडा गोल होतात, बोल्टांची डोकी बुजतात आणि अखेर आपण पाहतो तो रणगाड्याच्या आकाराचा रंग असतो. तो कुठे होता, कोणत्या महिन्यात होता, किती दिवस धुतला गेला नव्हता, हे सांगणारे त्यावर काहीही उरत नाही. माझ्या मॉडेलवर मला नेमके तेच हवे असते.

आता प्रमाणाचे सांगतो, कारण ‘थोडी माती टाकली की झाले’ असा समज फार पसरलेला आहे. तोफेसह सुमारे 9.8 मीटर लांबीचा सेंच्युरियन 1:35 प्रमाणात 28 सेंटिमीटरचा होतो. या प्रमाणात 1 मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले 3.5 सेंटिमीटर, म्हणजे अंगणातली चिमूटभर माती मॉडेलवर टाकली तर तिचा प्रत्येक कण तिथे खडा होतो. म्हणून धूळ ही रंगवावी लागते. पहिल्या हिरव्या रंगावर चमकदार व्हार्निशचा पातळ थर, त्यावर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या तपकिरी ऑइल रंगाचा वॉश, जो ब्रशचे टोक टेकताच बोल्टाभोवतीच्या खाचेत आपोआप धावत जातो. मग पुरता वाळण्याआधी जादा भाग टर्पेंटाइनने किंचित ओलावलेल्या ब्रशने वरून खाली ओढून घ्यायचा, कारण पाऊस तसाच ओघळतो. हे ऑइल रंग आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर काढून ठेवतो, म्हणजे त्यातले जवसाचे तेल पुठ्ठा शोषून घेतो आणि रंग मॉडेलवर चकाकत नाही. शेवटी पिगमेंटची, म्हणजे रंगद्रव्याची, कोरडी पूड, तीही दोन-तीन छटांची, कारण सुकलेला चिखल फिकट असतो आणि ओला गडद.

गंजाच्या बाबतीत मी आता कंजूष झालो आहे. पूर्वी चिलखताच्या पत्र्यांवरून नारिंगी ओघळ काढायला मला फार आवडे. लढाई तीन दिवसांची असेल तर वापरातल्या, रंगवलेल्या चिलखतावर असे ओघळ येणार कुठून? मागच्या मडगार्डांवरचे सायलेन्सर मात्र उष्णतेने रंग जळून गंजतात, आणि चाकांभोवती फिरणाऱ्या ट्रॅकचे उघडे पोलाद एका रात्रीच्या दवाने तपकिरी होऊन गाडी हलताच जमिनीला घासून पुन्हा चकाकते. तेवढाच गंज मी आता ठेवतो. हे सगळे इतक्या खात्रीने लिहितो आहे, तरी पुढचा प्रसंग सांगितल्याशिवाय मला गत्यंतर नाही.

पुण्यातल्या एका शाळेच्या सभागृहात आमचे प्रदर्शन होते. माझ्या टेबलावर सेंच्युरियन होता आणि त्यापुढे पाटी होती: ‘3 कॅव्हलरी, असल उत्तर, सप्टेंबर 1965’. म्हणजे भारत-पाक युद्धात पंजाबातल्या असल उत्तर गावापाशी लढलेल्या आपल्या रणगाडा रेजिमेंटची गाडी. किटमध्ये ब्रिटिश सैन्याच्या खुणा आलेल्या असल्याने आपल्या खुणा मी हाताने रंगवल्या होत्या, आणि चाकांपासून बाजूच्या पत्र्यांच्या वरच्या कडेपर्यंत दाट, ओलसर चिखल चढवला होता. त्या चिखलाचे दिवसभर कौतुक झाले होते. दुपारी उशिरा एक वृद्ध गृहस्थ आले, हात पाठीमागे बांधून बराच वेळ वाकून पाहत राहिले आणि म्हणाले, “चिखल कुठला म्हणायचा हा?”

हा प्रश्न मला आयताच मिळाला असे वाटून मी त्यांना सगळी लढाईच सांगितली. 8 ते 10 सप्टेंबर, खेमकरण पडल्यावर मेजर जनरल गुरबक्ष सिंग यांनी चौथ्या माउंटन डिव्हिजनला असल उत्तरभोवती घोड्याच्या नालेच्या आकारात मागे घेतले, कालव्याचे पाणी शेतांत सोडले, 3 कॅव्हलरीचे लेफ्टनंट कर्नल सलीम केलेब यांचे सेंच्युरियन उसात दडवले गेले आणि पाकिस्तानचे पॅटन रणगाडे त्या सापळ्यात येऊन अडकले. पुढे निकामी आणि ताब्यात आलेले पॅटन भिखीविंडला उभे केले तेव्हा त्या जागेला पॅटननगर असे नावच पडले. त्या गृहस्थांनी मध्ये एकदाही तोंड घातले नाही. माझे संपल्यावर त्यांनी सांगितले की ते सातारा जिल्ह्यातले, ईएमईमधून, म्हणजे सैन्याच्या यंत्र-दुरुस्ती दलातून, निवृत्त झालेले, आणि त्या सप्टेंबरात रणगाड्यांच्या दुरुस्ती पथकासोबत त्याच भागात होते.

“पाणी त्यांच्यासाठी सोडलं होतं,” ते म्हणाले. “आमच्या गाड्या उसात उभ्या होत्या. रुतले ते पॅटन. तुम्ही आमच्या गाडीवर त्यांचा चिखल लावलाय.”

टेबलाभोवती बरेच लोक होते आणि ते सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, “काका, पावसाळा नुकताच सरत होता, गाड्या रात्री जागेवर नेल्या असणार, शेतातून नेल्या असणार, चिखल लागणारच ना?” त्यांनी मॉडेलला स्पर्श न करता, बोट दोन इंच लांब ठेवून, बाजूच्या पत्र्याच्या खालच्या कडेवरून हवेतच एक रेघ ओढली. “इथपर्यंत लागंल. वर कशाला? आणि पाचट कुठंय? उसातून गाडी काढली की मडगार्डात पाचट कोंबून बसतं. आम्ही हातानं उपसायचो, धारेनं हात कापायचे.” मग त्यांनी गनरच्या साइटकडे, म्हणजे तोफेचा नेम धरायच्या दुर्बिणीकडे, बोट नेले, तिच्या काचेवरही मी धुळीचा पातळ थर दिला होता, आणि म्हणाले, “ही काच अशी ठेवली असती तर मी आज इथं नसतो.” नमस्कार करून ते पुढच्या टेबलाकडे गेले, जिथे कोणाचे तरी जहाज होते, आणि त्याबद्दल त्यांनी काहीही विचारले नाही.

तुम्हाला वाटेल की मी घरी जाऊन तो चिखल धुऊन काढला असेन. नाही काढला, निदान लगेच नाही. मला राग आला होता आणि त्या रागाला माझ्यापाशी कारणेही होती. एका माणसाची पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीची आठवण म्हणजे पुरावा नव्हे. दुरुस्ती पथकाकडे येतात त्या बिघडलेल्या गाड्या, उसात उभ्या राहिलेल्या सगळ्या गाड्या नव्हेत. आणि 50 टनांच्या आसपासचे वजन पावसाळ्यातल्या शेतात चालले तर गाडी कोणत्या बाजूची आहे हे चिखल विचारत नाही. यातली प्रत्येक गोष्ट मी आजही मांडीन. पण काचेबाबत माझ्याकडे बोलण्यासारखे काहीच नव्हते, आणि पाचटाबाबत तर त्याहून नाही. पारनेर-राहुरीकडे उसाच्या ट्रॉल्यांमागून मोटारसायकल चालवत मी वाढलो. कोणत्या फटीत काय अडकते हे मला खेमकरणला न जाताही कळायला हवे होते. ते सुचले नाही, कारण ज्या मॉडेलची छायाचित्रे पाहून मी हे शिकलो ती युरोपातल्या आघाड्यांची होती, आणि तिथे चिखल असतो.

‘खरा वाटावा म्हणून’ हे माझे जुने उत्तर त्या दिवशी गळून पडले. वाटायला तो चिखल उत्तमच वाटत होता. दिवसभर लोक तेच सांगत होते. आता मी असे म्हणतो की मॉडेलवरचा प्रत्येक डाग हे एक विधान असते आणि ते खोडून काढता येते. चकचकीत मॉडेलला कोणी खोडून काढू शकत नाही, कारण ते काही म्हणतच नाही. मला म्हणायचे असते, म्हणून मी घाण करतो. यावर माझाच मला असा प्रतिप्रश्न आहे की, ज्याचे म्हणणे चुकीचे ठरू शकते अशा माणसाने गप्प बसलेले बरे नव्हे का. आणि त्यावर माझ्याजवळ एवढेच आहे की मी गप्प बसलो असतो तर ते गृहस्थ माझ्या टेबलापाशी बोललेही नसते. हा युक्तिवाद थोडा सोयीचा आहे, हे मला दिसते.

काच मी त्याच आठवड्यात पुसली आणि त्यावर चमकदार व्हार्निशचा थेंब दिला. पाचटासाठी मक्याच्या कणसाचे आतले पातळ साल वाळवून, पात्याने त्याच्या केसभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या; काहींना पिवळट, काहींना अजून हिरवा रंग दिला, कारण सप्टेंबरात ऊस उभा असतो आणि फक्त खालची पाने वाळलेली असतात. त्या चिमट्याने मडगार्डाच्या फटीत सरकवल्या. चिखल काढणे मात्र सोपे नाही. टर्पेंटाइनने पिगमेंट सुटते, पण तेच टर्पेंटाइन सांध्यांत मुरून प्लास्टिक ठिसूळ करते आणि चाकांचे आधार मोडतात, म्हणून अगदी थोडे थोडे, कापसाच्या बोळ्याने, मध्ये वाळू देत करावे लागते. डाव्या बाजूला त्यांनी हवेत ओढलेल्या रेघेपर्यंत मी चिखल खाली आणला आहे. उजवी बाजू पूर्वी होती तशीच आहे. येत्या प्रदर्शनात कोणती बाजू लोकांकडे करून ठेवायची, हे अजून ठरलेले नाही.