‘ज्ञ’च्या स्पेलिंगवर अडलेलं सदस्यत्व

प्रत्यारोपणतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संस्थेचं आजीव सदस्यत्व घ्यायचं असेल, तर अर्ज उघडण्याआधी एक काम करा. एमबीबीएस, एमडी, डीएम (एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी पदवी) आणि वैद्यकीय परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र, चारही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि नाव अक्षर अक्षर लावून बघा. माझा अर्ज तिथेच अडला.

वडिलांचं नाव ज्ञानेश्वर. एमबीबीएस, एमडी आणि परिषदेच्या नोंदीत ते डी-एन-वाय-ए असं सुरू होतं. डीएम राज्याबाहेर केलं. तिकडे ‘ज्ञ’चा उच्चार ‘ग्य’, त्यामुळे पदवीवर जी-वाय-ए छापून आलं. झालं! परिषदेत डीएमची अतिरिक्त अर्हता म्हणून नोंद होईना, आणि ती नोंद नाही म्हणून सदस्यत्वाच्या अर्जात मी फक्त एमडी. ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून दिलं, तेही चाललं नाही. मूळ पदवीच दुरुस्त करून आणा, असं उत्तर मिळालं.

दुरुस्तीसाठी दहावीचं प्रमाणपत्र आधार धरलं जातं. सोबत मूळ पदवी, एमबीबीएसच्या पदवीची साक्षांकित प्रत, जुनं नोंदणी प्रमाणपत्र आणि जिथे डीएम केलं तिथल्या अधिष्ठात्यांचं शिफारसपत्र. माझ्या पत्रावर सही होती, शिक्का होता, पण जावक क्रमांक नव्हता. तेवढ्यासाठी सगळा गठ्ठा परत आला, आणि तोही पाच आठवड्यांनी. पत्र हातात पडलं की तिथेच उभं राहून जावक क्रमांक आणि तारीख तपासा. खरं तर हे काम डीएमच्या परीक्षेचा फॉर्म भरतानाच उरकायला हवं. तेव्हा स्पेलिंग बदलायला एक साधा अर्ज पुरतो, पदवी छापल्यावर तेच काम काही महिने खातं.

प्रतिज्ञापत्रावर भागवून पुढे जावं असं वाटतं, पण आपल्या क्षेत्रात नाव अर्धवट ठेवून चालत नाही. १९९४चा अवयव प्रत्यारोपण कायदा आणि २०१४चे नियम यांतले अनेक नमुने (फॉर्म) कुणा ना कुणा नोंदणीकृत डॉक्टरच्या सहीवर उभे आहेत. जिवंत दात्याच्या तंदुरुस्तीचा नमुना ४ घ्या, किंवा मेंदूमृत्यूचा नमुना १०, ज्यात चार डॉक्टरांच्या सह्या आणि किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा केलेल्या चाचण्या लागतात. रुग्णालयाच्या नोंदणीसाठीच्या नमुना १२ मध्येही तज्ज्ञांची नावं आणि अर्हता जातात, आणि ती नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते. तीच चूक तिथे निघाली, तर अडकतो तो रुग्णालयाचा अर्ज.

बाकी टप्पे सोपे. सूचक आणि अनुमोदक म्हणून सही करणाऱ्या दोन्ही जुन्या सदस्यांचे सदस्यत्व क्रमांक आधीच विचारून घ्या. ज्येष्ठांना ते पाठ नसतात, आणि सही झाल्यावर क्रमांकासाठी पुन्हा फोन करायला संकोच वाटतो. परिषदेची नोंदणी मुदतीत आहे ना, तेही बघा. महाराष्ट्रात त्यासाठी पाच वर्षांत निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे ३० क्रेडिट पॉइंट लागतात, आणि वैद्यकीय अधिवेशनांना जाऊनही प्रमाणपत्रं गोळा करायची राहून जातात.

अर्जातल्या नीतिमत्तेच्या प्रतिज्ञेवर न वाचता सही करू नका. अवयवांच्या व्यापाराविरुद्धचा २००८चा इस्तंबूल जाहीरनामा, त्याची २०१८ची सुधारित आवृत्ती आणि आपला कायदा हे तिन्ही एकदा शांतपणे वाचा. माझ्या मते सदस्यत्वाचा गाभा तोच आहे, अधिवेशनाच्या शुल्कातली सवलत नव्हे.

आणि हो, पदवी लॅमिनेट करू नका. केली असेल तर दुरुस्तीचा शिक्का त्यावर बसत नाही, आणि प्लॅस्टिक सोलायला गेलं की कुलगुरूंची सहीही त्याच्यासोबत निघते.