मलकीसदेक

रविवार, रात्री उशिरा

आज उपासनेत शास्त्रपाठ थोरल्यांच्या सुनेने वाचला. नव्या करारातले इब्री लोकांस पत्र, पाचवा अध्याय, सातव्या वचनापासून शेवटापर्यंत. दहाव्या वचनात मलकीसदेक, तो जुन्या काळचा याजक-राजा, आला आणि त्या नावाशी ती अडखळली. 'मलकी' म्हणाली, थांबली, मागे गेली, 'मलसकी' म्हणाली, एकदा मान वर करून तिसऱ्या बाकाकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिले, आणि मग तो शब्द कसाबसा ओलांडून पुढे गेली. मंडळीत कोणी हसले नाही. मला मात्र त्या क्षणी बरे वाटले. हे लिहिताना हात थांबतो आहे, पण झाले ते असेच झाले. मांडीवर पवित्र शास्त्र उघडे होते, बोट त्याच वचनावर होते आणि मनात गोड असे काहीतरी हलले.

बावीस वर्षे उपासनेतला शास्त्रपाठ मी वाचत आले. पुलपिटच्या कडेला जिथे मी डावा हात टेकत असे तिथले पॉलिश गेले आहे, हे बहुधा माझ्याखेरीज कोणालाच ठाऊक नसेल. ह्यांना दवाखान्यातून घरी आणले त्याच्या दुसऱ्या दिवशीदेखील मी वाचले होते. मागच्या महिन्यात मंडळीच्या पंचांच्या सभेत ठरले की आता तरुणांना पुढे आणावे, आणि पाळकसाहेबांनी घरी येऊन, चहा घेऊन, फार अदबीने ते मला सांगितले. मी लगेच होकार दिला. त्यानंतर रात्री भांडी घासताना किती रडले, ते असो.

तर मला बरे वाटले, आणि ती वाचत राहिली. त्या अध्यायात पुढे काय आहे हे मला तोंडपाठ आहे. लेखक वाचकांना सांगतो की ह्या मलकीसदेकाविषयी बोलण्यासारखे पुष्कळ आहे, पण तुम्ही ऐकण्यात मंद झाला आहात. एवढ्या काळात तुम्ही शिक्षक व्हायला हवे होते, आणि तुम्हांलाच पुन्हा मुळाक्षरे शिकवायची वेळ आली आहे. तुम्हांला दूध लागते, जड अन्न पचत नाही. ही वचने मी इतक्या वेळा वाचली, पण नेहमी उभी राहून, समोरच्यांना ऐकवण्यासाठी. बाकावर बसून ती कानांवर घेण्याची माझ्यावर आज पहिलीच वेळ होती. ऐकण्यात मंद. मी ऐकत होते ते फक्त चूक कुठे होते ते.

वाचनाचा हा अभिमान माझ्यात आला कुठून, हे मला माहीत आहे. आईची आजी केडगावच्या मुक्तीत, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या आश्रमात, वाढली. १९०० च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी ज्या पोरींना पदराखाली घेतले त्यांतली ती एक. तिथल्या छापखान्यात ती अक्षरांचे खिळे जुळवत असे, आणि उलटी अक्षरे सुलट्यांपेक्षा लवकर वाचत असे, असे आई सांगायची. आमच्या घरात शास्त्र स्वच्छ वाचता येणे हे दागिन्यासारखे मानले गेले, आणि मी तो दागिना मिरवला. पण रमाबाई आयुष्याच्या अखेरीपर्यंत हिब्रू आणि ग्रीकमधून भाषांतर करत राहिल्या ते खेड्यापाड्यांतल्या साध्या बायकांना कळावे म्हणून, अक्षराला अक्षर लावत, अडखळत वाचणाऱ्यांसाठी. अशीच एक जण आज माझ्यासमोर उभी राहून वाचत होती, आणि तिची जीभ अडकली म्हणून मी सुखावले. पणजीला हे कसे सांगावे?

रमाबाईंचीच दुसरी गोष्ट दिवसभर आठवते आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला, आणि त्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त तो सापडलेला नाही. एवढ्या विद्वान बाईने हे जगापुढे लिहून ठेवले. मला रोजनिशीतही लिहायला जड जाते.

दुपारी पडल्या पडल्या चौदाव्या वचनाशी झटत होते. त्यात म्हटले आहे की जड अन्न प्रौढांसाठी आहे, आणि प्रौढ ते, ज्यांना सरावाने बरे आणि वाईट ओळखता येते. सरावासाठी मुळात जो ग्रीक शब्द आहे तो तालमीत अंग कमावण्याचा आहे. वाचता वाचता मनाने हळूच सुचवले की तू आपल्यातले वाईट ओळखलेस, म्हणजे तू प्रौढच झालीस की. तेव्हा मी चपापून उठूनच बसले. काही मिनिटांपूर्वी जिची लाज वाटत होती त्या गोष्टीचेही मी प्रशस्तिपत्र करून घ्यायला निघाले होते.

मग फिलिप्पैकरांस पत्र काढले. प्रेषित पौल ते बंदिवासात लिहितो. तिसऱ्या अध्यायाच्या बाराव्या वचनात तो म्हणतो की मी अजून पूर्ण झालेलो नाही, आणि पंधराव्यात 'आपल्यापैकी जे प्रौढ आहेत' असे म्हणून स्वतःला त्यांच्यात धरतो. मूळ भाषेत दोन्ही शब्द एकाच धातूचे आहेत, असे पूर्वी बायबल वर्गात आम्हांला शिकवले होते, आणि तेव्हा मी ते वहीत सुंदर अक्षरात उतरवून घेतले होते. आज त्या दोन वचनांच्या मध्ये मला टेकायला थोडी जागा मिळाली. एकसष्टाव्या वर्षी एवढी मिळाली तरी पुष्कळ, असे वाटून छातीवरचे ओझे जरा उतरले, आणि उठून चहा टाकला.

दिवेलागणीला ती आली. शास्त्र पदराखाली धरलेले होते. सकाळी उपासना सुटल्यावर मी तिला "छान वाचलेस" म्हणाले होते, ते तिने खरे मानले नव्हते.

"काकू, आठवडाभर घोकत होते तो शब्द. तरी ऐन वेळी जीभ अडकली. तुमच्याकडे पाहिले म्हणून तरी पुढे जाता आले."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिले तेव्हा तिथे तिला काय दिसले, हे विचारायचा मला धीर झाला नाही. सांगायचे ते ओठांवर आले होते, पण दूध उतू जायला लागले आणि मी गॅसकडे धावले. परत आले तोवर ती पुढचे पान उघडून बसली होती.

पुढच्या रविवारी सातवा अध्याय आहे आणि तो शब्द पहिल्याच वचनात आहे. मी पेन्सिल घेतली आणि तिच्या शास्त्रात त्याच्यावर दोन बारीक उभ्या रेघा मारल्या: मल, की, सदेक. ती म्हणाली, मी म्हणाले, पुन्हा ती म्हणाली. नवव्या की दहाव्या वेळी तो सरळ आला.

"रविवारी तिथेच बसाल ना, तिसऱ्या बाकावर?" जाताना तिने विचारले.

बसेन म्हणाले.