१९ डिसेंबरचे तीन गडी

१९ डिसेंबर म्हटलं की गोंयकाराला मुक्तिदिन आठवतो, जळगावकराला प्रतिभाताई पाटील आणि क्रिकेटवेड्याला रिकी पॉन्टिंग. (२००३च्या अंतिम सामन्यातल्या त्या नाबाद १४० धावांनंतर पॉन्टिंगला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला माझी जीभ काही रेटत नाही.) मला मात्र हल्ली या तारखेला अमेरिकन फुटबॉलमधले तीन धिप्पाड गडी आठवतात. रेजी व्हाइट १९६१चा, रँडल मॅकडॅनिएल १९६४चा, वॉरन सॅप १९७२चा. तिघेही लाइनमन, म्हणजे समोरासमोर भिडणाऱ्या पुढच्या फळीतले, आणि तिघेही हॉल ऑफ फेम या या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत.

या खेळात आपली नजर चेंडूमागे, म्हणजे बहुतेक वेळा चेंडू फेकून चढाई चालवणाऱ्या क्वार्टरबॅककडे असते. खरी झुंज त्याच्या पुढ्यात चाललेली असते. सव्वाशे-दीडशे किलोची माणसं वाकून, जमिनीला हात टेकून समोरासमोर ठाकतात आणि चेंडू हलला की एकमेकांवर आदळतात. एका बाजूला क्वार्टरबॅकपर्यंत पोचायचं असतं, दुसरीला त्यांना अडवायचं. चेंडू हातात असतानाच क्वार्टरबॅकला लोळवलं की तो सॅक. कबड्डीत चढाईपटूची पकड झाल्यावर मैदान जसं उसळतं, तसंच इथेही.

सॅप आणि व्हाइट हे लोळवणारे. व्हाइट ज्या दिवशी टेनेसीतल्या चॅटनूगा गावी जन्मला, नेमक्या त्याच दिवशी गोव्यात पोर्तुगिजांनी शरणागती पत्करली. दिल्लीत संरक्षणमंत्री होते कृष्ण मेनन. आणि हा मुलगा सतराव्या वर्षी धर्मोपदेशक झाला, पुढे बचावफळीत असा काही खेळला की त्यालाच लोक ‘मिनिस्टर ऑफ डिफेन्स’ म्हणू लागले! फिलाडेल्फिया ईगल्सकडून १२१ सामन्यांत १२४ सॅक. सामन्यांपेक्षा सॅक जास्त. मग ग्रीन बे पॅकर्सकडे गेला आणि जानेवारी १९९७च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात, एकट्याने तीन सॅक केले. २००४ साली त्रेचाळीसावा वाढदिवस झाला आणि आठवड्याभरात तो गेला. हॉल ऑफ फेमचा मान त्यानंतर, २००६मध्ये मिळाला.

सॅप फ्लोरिडाचा. अंगाने अवाढव्य, पायाने चपळ आणि तोंडाने त्याहून चपळ. टँपा बे बकनीअर्सकडून २००० सालच्या हंगामात त्याने साडेसोळा सॅक केले. अर्धा सॅक कसा, म्हणाल तर दोघांनी मिळून लोळवलं की श्रेय निम्मं निम्मं. हिशेबाला किती पक्के आहेत बघा हे लोक!

आणि इथेच मला मॅकडॅनिएल आवडू लागतो. तो मिनेसोटा व्हायकिंग्जचा डावा गार्ड, म्हणजे अडवणारा. सॅकच्या अर्ध्या भागाचीही नोंद ठेवणाऱ्या या खेळात, न झालेल्या सॅकचं श्रेय गार्डच्या खात्यावर मांडायला रकाना नाही. गार्डचा क्रमांक स्टेडियमभर ऐकू येतो तो बहुधा होल्डिंग, म्हणजे समोरच्याला नियमाबाहेर धरून ठेवणं, केल्यावर. पिवळा रुमाल पडतो, पंच माइकवर त्याचा नंबर पुकारतो आणि संघ दहा यार्ड मागे जातो. चुकला तर नाव, नाही तर नाही. अशा जागी हा माणूस सलग २०२ सामने पहिल्यापासून उतरला. डावा पाय बाहेर फाकवून, बघणाऱ्याला अवघडल्यासारखं वाटेल अशा पवित्र्यात उभा राहायचा. १९९८ साली व्हायकिंग्जनी ५५६ गुण करून तेव्हाचा विक्रम केला. त्यातला एकही गुण त्याच्या नावावर नाही. खेळ सोडल्यावर गडी कुठे गेला, तर प्राथमिक शाळेत, लहान मुलांना शिकवायला.

तारखेत काही गूढ आहे असं मात्र मला वाटत नाही. नुसती २३ माणसं जमली तरी दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. एनएफएलच्या, म्हणजे या खेळाच्या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या, संघात ५३ खेळाडू असतात, तिथे तर ती जवळपास खात्रीच. आणि एकाच तारखेचे असून उपदेशक, मितभाषी आणि बडबड्या असे तीन स्वभाव निघाल्यावर पत्रिकावाल्यांनीही काय बोलावं!

तरी योगायोगाने यांचा पिच्छा पुरवलाच. १९९५ ते १९९८ या काळात पॅकर्स, व्हायकिंग्ज आणि बकनीअर्स एकाच गटात होते, त्यामुळे दर हंगामात प्रत्येकाची दुसऱ्याशी दोनदा गाठ. पुढे २०००मध्ये मॅकडॅनिएल टँपाला आला आणि दोन हंगाम सॅपच्याच संघात खेळला. डिसेंबर म्हणजे हंगाम ऐन भरातला. एकाच ड्रेसिंग रूममध्ये एक छत्तिशीचा आणि एक अठ्ठाविशीचा, दोघे एकाच दिवसाचे उत्सवमूर्ती. केक कापला गेला असेल, तर भाषण कोणी केलं असेल याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. आणि सॅपला केकपासून दूर ठेवायचं झालं, तर त्या खोलीत ते काम कोणाचं, याबद्दलही नाही.