तिखटाआधीची वाटी

आमटी शिजत आली की आमच्या ओट्यावर एक छोटी स्टीलची वाटी येऊन बसते. डाळ घोटून झालेली असते, फोडणीतला लसूण तांबूस झालेला असतो आणि मी काळ्या तिखटाचा चमचा भरून पातेल्यापाशी उभी असते. तिखट एकदा पडलं की मागे फिरायला वाट नाही. म्हणून आधी दोन पळ्या त्या वाटीत. मग तिखट, मग शेंगदाण्याचं कूट आणि सगळ्यात शेवटी मीठ.

लेक आता चार वर्षांची आहे. सहा महिन्यांची झाली तेव्हा वरचं खाणं सुरू केलं, तेव्हापासून ही वाटी निघतेय. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पहिलं वर्षभर मीठ-साखर नको, मध तर अजिबात नको. बरं म्हटलं. तिखटाचं त्यांनी काहीच सांगितलं नाही, बहुतेक कुठल्या आईला ते सांगावं लागत नसेल. पण डॉक्टर सोलापूरचे असून त्यांना आमच्या घराची कल्पना नव्हती. "जिभेला जरा चाटवलं तर काय होतंय? आपलंच लेकरू आहे," असं आमच्या आत्या तेव्हाच म्हणाल्या होत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई.

त्यांचंही बरोबर आहे म्हणा. या घरात तिखट हा वर्षाचा कारभार आहे. एप्रिल-मे महिन्यात, चपलेशिवाय गच्चीवर पाय टेकवत नाही अशा उन्हात, मिरच्या वाळत पडतात. धने, सुकं खोबरं, तीळ, कांदा, दगडफूल असं एकेक भाजलं जातं आणि आख्ख्या गल्लीला ठसका लागतो. मग डब्यात भरून डंकावर. तिथे नंबर लावून बसायचं, आपलंच तिखट आपल्याच डब्यात येतंय ना हे डोळ्यांत तेल घालून बघायचं. त्या डोळ्यांत तेल सोडून बाकी सगळं जातं, हा भाग वेगळा. लेक दीड वर्षाची असताना आत्यांनी तो डबा उघडला, तर ही लांब पाळण्यात सात वेळा शिंकली. आत्या कौतुकाने म्हणाल्या, "वळख पटली!"

गंमत म्हणजे ज्याच्या जिवावर आम्ही एवढा तोरा मिरवतो ती मिरची इथली नव्हेच. पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात ती अमेरिकेतून आपल्याकडे आली. शेंगदाणाही मूळचा दक्षिण अमेरिकेचाच. म्हणजे सोलापुरी शेंगा चटणीचे दोन्ही मानकरी परगावचे. ज्वारीसुद्धा आफ्रिकेतून आलेली, फक्त ती काही हजार वर्षं आधी आली म्हणून घरची झाली. हे मी आत्यांना सांगितलं तर त्यांनी उखळातला हात न थांबवता विचारलं, "मग त्याच्याआधी लोकं जेवत नव्हती का?" मिरे घालत असतील, म्हटलं. "मग ते काय जेवण," म्हणाल्या, आणि चटणीला तेल सुटेपर्यंत कुटत राहिल्या.

शेंगदाण्याचा एक वेगळाच ताप होता. अख्खा दाणा लहान मुलाच्या श्वासनळीत अडकू शकतो, चार-पाच वर्षांची होईपर्यंत देऊ नका, कूट चालेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आता सोलापुरातल्या घरात अख्खा दाणा लेकरापासून लपवायचा म्हणजे पुण्यात स्कूटर लपवण्यासारखं. पोह्यात दाणे, खिचडीत दाणे, पाहुण्यांपुढे भाजलेल्या शेंगा. शेवटी सगळे डबे वरच्या फळीवर गेले आणि दाणा हवा असला की घरातली मोठी माणसं चोरासारखी स्टूलावर चढायला लागली.

तिची खरी दोस्ती झाली ती भाकरीशी. मी भाकरीला बसले की ती पाट ओढून परातीसमोर येते. पिठाच्या मध्ये आळं करून मी उकळतं पाणी ओतते तेव्हा तिला "चटका!" असं ओरडावं लागतं, तो तिचा मान आहे. गव्हासारखा चिकटपणा ज्वारीच्या पिठाला नसतो, ग्लुटेन नाही ना त्यात. गरम पाण्याने पिठातला स्टार्च धरून येतो, तेव्हा कुठे भाकरी थापताना कडा फाटत नाहीत. आणि मळायचं म्हणजे तळव्याच्या टाचेने रगडायचं, गोळा लोण्यासारखा होईपर्यंत. शेवटी परातीला चिकटलेलं पीठ खरवडून तिची चानकी होते. तळहाताएवढी, कधीच गोल नसलेली, वर पाच बोटांचे ठसे. ती मोठ्या भाकरीच्या शेजारी तव्यावर पडते, वरून पाण्याचा हात फिरतो, उलटते, मग थेट आचेवर. फुगली तर घरात टाळ्या. नाही फुगली तर "पीठ जुनं आहे," असं चार वर्षांची बाई सांगते. हे वाक्य माझं आहे.

चानकीचा वरचा पापुद्रा ती अलगद सोलते, आत तूप भरायला लावते, पापुद्रा खाते आणि खालची जाड बाजू माझ्या ताटात टाकते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या मालदांडी ज्वारीच्या नावावर आमचा जिल्हा चालतो तिचा 35-1 हा वाण मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघाला. एवढी थोर परंपरा, आणि आमच्याकडे तिचं निम्मं रोज उष्टं माझ्या पोटात जातं.

नवी चव मुलांना पटायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही ताटात यावी लागते, असं बालआहाराचे जाणकार सांगतात. मी हे इमानदारीने केलं. दोडक्याने अकरा वेळा मार खाल्ला. बाराव्या वेळी शेजारच्या अक्कांकडे तिने दोडका दोन वाट्या खाल्ला, कारण तिथे तो डाळीत होता. अक्का सोलापूरच्या पूर्वभागातल्या, तेलुगू बोलणाऱ्या. त्यांच्याकडे डाळीला पप्पू म्हणतात. गरम भात, पप्पू, वर तूप, आणि अक्का हाताने घास भरवणार. तेव्हापासून आमच्या घरात वरणालाही पप्पूच म्हणतात. पुण्याहून आलेल्या माझ्या भावाला भाची ताटावर बसून "मामा, पप्पू वाढ," म्हणाली, तेव्हा तो बिचारा कुणाला हाक मारतेय म्हणून दाराकडे बघत राहिला.

नळाला पाणी येतं त्या दिवशी स्वयंपाकाचं काही खरं नसतं. टाकी, पिंप, बादल्या, घागरी, आणि मध्ये कूकरची शिट्टी. त्या दिवशी मुगाची खिचडी. खिचडीतूनही तिची वाटी आधी निघते, हे सांगायला नको.

मला वाटायचं, तिखटाची सुरुवात आपण करून द्यायची. आज चिमूटभर, महिन्याने दोन चिमटी, असा माझा बेत होता, वहीत लिहून काढलेला. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याला, म्हणजे जत्रेला, गेलो आणि त्या वहीचा निकाल लागला. होम मैदानावर धूळ, पाळणे, पिपाण्या, ही बाबांच्या खांद्यावर. मी बांगड्यांच्या स्टॉलवरून परत येते तर बाबा भेळ खातायत आणि वरून एक हात खाली येऊन द्रोणात जातोय. नाक वाहतंय, डोळे वाहतायत, हात काही थांबत नाही. मी पाण्याची बाटली काढली. पाण्याने तिखट उतरत नाही हे मला माहीत होतं, मिरचीतला जहाल भाग पाण्यात विरघळत नाही, दुधा-दह्याने निघतो. पण गड्ड्यात दही कुठून आणू? "अजून," वरून आवाज आला. घरी कढीपत्त्याचं पान दिसलं तर ताट सरकवणारी मुलगी ही.

तरीही वाटी काढणं मी सोडलं नाही. सवय. मागच्या गुरुवारी फोन आला, एका हाताने बोलता बोलता तिखट, कूट, मीठ सगळं पातेल्यात गेलं. ओट्यावरच्या रिकाम्या वाटीकडे लक्ष गेलं तोवर आमटी उकळत होती. तिच्या ताटात भात, आमटी आणि भीतीपोटी मोठा चमचाभर दही वाढलं. तिने दही बाजूला केलं. आमटी-भात कालवला, खाल्ला, दोनदा हुश्श केलं, मग दही खाल्लं आणि बाबांना म्हणाली, "तिखट नाहीये बे."

"बे" कुठून आलं याची चौकशी नंतर झाली. बाबा पेपरमागे होते.

दुसऱ्या दिवशी हात आपसूक वाटीकडे गेला. दोन पळ्या काढूनही झाल्या, मग लक्षात आलं. परत पातेल्यात ओतायचा कंटाळा आला, म्हणून ती वाटी मीच घेऊन बसले, चानकीच्या जाड पाठीबरोबर. पहिला घास घेतला आणि थांबले. वर्षाची झाल्यावर तिच्या वाटीत चिमूटभर मीठ वेगळं घालायचं ठरलं होतं. ते कधी घातलं, कधी राहिलं, मला आठवेना.

"आत्या, हिच्या वाटीत मीठच नसायचं की हो!"

आत्या ताक घुसळत होत्या. "तुझ्या नवऱ्याच्याबी नसायचं," म्हणाल्या.