धुरकट दिवे आणि एक रविवार

गेल्या आठवड्यात ताम्हिणी घाटातून रात्री परतताना गाडीचा उजेड रस्त्यापर्यंत नीट पोहोचतच नाही असे जाणवले, आणि बल्ब नवे असूनही असे का होते हे पाहू गेल्यावर दोष पुढच्या दिव्यांच्या काचेचा निघाला. खरे तर ती काच नसून पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक असते, आणि त्यावरचा संरक्षक थर उन्हातील अतिनील किरणांनी झिजला की ते पिवळट, धुरकट पडते. आमची गाडी बारा वर्षे उघड्यावरच उभी आहे.

आज सकाळी भोवतालच्या रंगाला चिकटपट्टी लावून, पाण्यात भिजवलेला वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा खरखरीत कागद, हाती घेतला. आधी ८०० नंबरचा, मग १५००चा, शेवटी २०००चा. प्रत्येक वेळी घासण्याची दिशा बदलली, म्हणजे आधीच्या कागदाचे ओरखडे गेले की नाही ते कळते. पहिल्या कागदानंतर दिवा पूर्वीपेक्षाही पांढुरका दिसू लागला तेव्हा मी हबकलो, आणि गॅलरीतून पाहणाऱ्या सौभाग्यवतींनी 'नवा केवढ्याला मिळतो?' असे विचारूनही घेतले. रबिंग कंपाउंड, म्हणजे चकाकी आणणारी पेस्ट, फिरवल्यावर मात्र आतला बल्ब स्वच्छ दिसला.

टूथपेस्टचा उपाय मी पूर्वी केला होता. तो काही महिनेही टिकला नाही, कारण घासून उघडे पडलेले प्लास्टिक मी तसेच उन्हात सोडले होते. म्हणून या वेळी अतिनील किरण रोखणाऱ्या क्लिअर कोटचे, म्हणजे पारदर्शक लेपाचे, दोन पातळ हात दिले आहेत. डावा दिवा अजून बाकी आहे, आणि खांदा आत्ताच भरून आला आहे.