लेकीला रिमार्क मिळाला

परवा लेक शाळेतून आली ती तोंड पाडूनच, दप्तर भिरकावलं आणि म्हणाली "आई, मला रिमार्क मिळाला". डायरी उघडली तर लाल पेनाने एवढंच, 'वर्गात बोलते'. खाली पालकांच्या सहीची जागा. मला आधी हसूच फुटलं, कारण बोलल्याबद्दल जो मिळाला त्या शब्दाचा इंग्रजीत अर्थच मुळी बोलणं असा आहे!

म्हणजे काहीतरी दिसलं, लक्षात आलं आणि सहज बोलून गेलो की झाला रिमार्क. शब्द फ्रेंचमधून आलेला, तिथेही टिपणं, ध्यानात येणं असाच अर्थ, म्हणून तर रिमार्केबल हे कौतुक असतं. "आज गारठा आहे हो" एवढं कुणी म्हटलं तरी इंग्रजी गोष्टीत 'ही रिमार्क्ड' येतं. आपल्याकडे मात्र रिमार्क बसतो, पडतो, आणि चांगला असेल तर 'चांगला' हे मुद्दाम जोडून सांगावं लागतं. मागे लंडनच्या एका क्लायंटने मेलमध्ये 'अ फ्यू रिमार्क्स' लिहून फाइल जोडली होती, मी घाबरून ती दुसऱ्या दिवशी सकाळी उघडली, तर काय, पान 4 वर एक स्वल्पविराम राहिलाय आणि शेवटचा तक्ता छान झालाय. बास.

तसा आपला शेरा पण गरीबच होता. सातबाऱ्यात बारा नंबरच्या नमुन्यात शेवटचा रकाना शेऱ्याचा, तिथे विहीर, आंब्याची झाडं असल्या नोंदी सापडतात, कुणाला रागावलेलं नसतं. पण शेरा 'मारला' की संपलं, पुढे शेरेबाजी. आणि कोर्ट तर ताशेरेच ओढतं, कौतुकाचे ताशेरे ओढलेले मी तरी ऐकले नाहीत 😄

सगळ्यात गंमत टीका या शब्दाची. ज्ञानेश्वरी 1290 ची, तिच्या शेवटी येतं 'शके बाराशतें बारोत्तरें, तैं टीका केली ज्ञानेश्वरें', तिथे टीका म्हणजे गीता उलगडून सांगणं. आज 'ज्ञानेश्वरांनी गीतेवर टीका केली' असा मथळा द्या बरं, संध्याकाळपर्यंत दारात मोर्चा.

कमेंटचं तेच. एखाद्या इंग्रजाला सांगितलं की त्याने कमेंट केली तर तो विचारेल, काय म्हणाला? आपल्याकडे 'त्याने कमेंट पास केली' एवढं कानावर पडलं की मुलीचा भाऊ पायात चपला सरकवून निघालेला असतो, काय म्हणाला ते रस्त्यात विचारतो.

असो, डायरीवर सही केली. खाली 'घरीही बोलते' असं लिहायला हात शिवशिवत होता, पण लेक शेजारीच उभी होती, म्हणाली "आई प्लीज, तू नको आता अजून एक देऊस".