अर्ज मस्कतला, कागद सांगलीला: स्पेनच्या व्हिसासाठी केलेली वारी

आठ दिवसांची रजा टाकून मस्कतहून निघाले होते, परतले ते सतराव्या दिवशी. त्यातले निदान सहा दिवस तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितेय.

व्हॅलेन्सियात एका वर्षाच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला. नवरा आणि चार वर्षांची मुलगीही सोबत येणार होते. आपण कायदेशीर राहतो त्या देशातूनच अर्ज करायचा असतो, म्हणजे आम्ही मस्कतहून. पण पहिलं बाळंतपण माहेरी आणि लग्नही माहेरीच झालेलं, त्यामुळे जन्मदाखला आणि विवाहदाखला दोन्ही सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचे. शिवाय गेल्या पाच वर्षांत ज्या ज्या देशात राहिलात, तिथला पोलिसांचा दाखला लागतो. मी ओमानला आले 2022 मध्ये, म्हणजे भारताचाही आलाच.

हा दाखला, म्हणजे पीसीसी, मस्कतच्या भारतीय दूतावासातूनही मिळतो. मी तोच घेणार होते. शेजारच्या एका काकूंनी वेळेत थांबवलं. स्पेनला परदेशी कागदांवर अपोस्टील लागतं, म्हणजे कागद खरा असल्याचं तो देणाऱ्या देशाच्या सरकारचं शिक्कामोर्तब. ज्या हेगच्या करारानुसार ते दिलं जातं, त्यात दूतावासाने किंवा वकिलातीने दिलेले कागद धरतच नाहीत, त्यामुळे त्यावर अपोस्टील मिळत नाही. भारतातल्या पासपोर्ट कार्यालयाच्या पीसीसीवर मात्र मिळतं. तेव्हा गावी जाणारच असाल तर तिकडचीच घ्या. अर्ज ऑनलाइन, फी 500 रुपये, आणि भेटीची वेळ निघायच्या आधीच घेऊन ठेवा.

मुंबईहून रात्रीची महालक्ष्मी धरली आणि पहाटे सांगलीत उतरले. चहा व्हायच्या आत बाबांनी विवाहदाखला समोर ठेवला. चकचकीत, कडक, चारही कडांनी सीलबंद! 2019 च्या पुरात गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं, तेव्हा ट्रंकेतले निम्मे कागद लगदा झाले. त्यानंतर बाबांनी उरलेलं सगळं लॅमिनेट करून घेतलं, अगदी माझं पाचवीचं प्रगतिपुस्तकसुद्धा. लॅमिनेट केलेल्या कागदावर ना शिक्का बसतो ना अपोस्टीलचा स्टिकर. प्लास्टिक सोलायला गेलात तर शाई सोबत निघते. आम्ही प्रगतिपुस्तकावर प्रयोग करून पाहिला. नमुना ई मधला विवाहदाखला नव्याने काढावा लागला. लग्नाची तारीख आणि नोंदणी क्रमांक हाताशी असल्याने ते काम सरळ झालं. लॅमिनेशनच्या आतूनही क्रमांक वाचता येतो, एवढाच त्याचा उपयोग.

खरा घोळ मुलीच्या जन्मदाखल्यात होता, आणि चूक आमचीच होती. बाळाच्या नावाचा रकाना कोरा! बारसं झालं, पासपोर्टही झाला, पण नाव नोंदवायला महापालिकेत परत कुणी गेलंच नव्हतं. नाव नोंदवता येतं, त्याला पंधरा वर्षांची मुदत असते. अर्जावर वडिलांचीही सही मागितली. फोनवर आलेला फोटो चालेना, म्हणून सही केलेला कागद मस्कतहून कुरिअरने मागवला. सहा दिवस तिथेच गेले. निघताना नवऱ्याच्या सहीचे दोन-तीन कागद आणि त्याच्या पासपोर्टची स्वाक्षांकित प्रत पिशवीत टाकली असती तर हे टळलं असतं.

त्याच दाखल्यावर माझं नाव 'दीपाली' इंग्रजीत एक आय घालून लिहिलेलं, पासपोर्टवर दोन ई. मराठीत काना-वेलांटीचा फरक नाही, तरी पंचाईत. दादा म्हणाला, "दोन्ही नावं एकाच बाईची असं प्रतिज्ञापत्र करून टाक, तासाभराचं काम." मोह झाला होता. पण मग त्या प्रतिज्ञापत्रालाही अपोस्टील, त्याचंही भाषांतर, आणि खिडकीवर बसलेल्याला एक जादा प्रश्न. नावाच्या अर्जासोबतच स्पेलिंगची दुरुस्तीही मागितली. माझं मत स्पष्ट आहे: मूळ दाखलाच दुरुस्त होत असेल तर प्रतिज्ञापत्राच्या वाटेला जाऊ नका. नवीन दाखला हातात आला की खिडकीपासून हलायच्या आत इंग्रजीतलं प्रत्येक अक्षर पासपोर्टशी ताडून बघा.

पीसीसीसाठी हवालदार घरी आले, आईने त्यांना पोहे दिले, शेजारच्या दोघांच्या सह्या झाल्या. त्यात सांगण्यासारखं एवढंच.

मग परत महालक्ष्मी, परत मुंबई. जन्म आणि विवाहदाखल्यावर आधी राज्य शासनाचा शिक्का, तो मंत्रालयातून. त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील. पीसीसीला राज्याचा टप्पा लागत नाही. अपोस्टीलची सरकारी फी एका कागदाला 50 रुपये आहे. परराष्ट्र मंत्रालय कागद थेट घेत नाही, नेमलेल्या संस्थांकडे द्यावे लागतात आणि त्यांचा सेवाआकार वेगळा. मधले एजंट याचेच हजारो रुपये सांगतात. ज्याला मुंबईत चार दिवस राहणं शक्य नाही त्याने खुशाल द्यावेत, फक्त सरकारी फी किती हे माहीत असू द्या.

भाषांतर अपोस्टीलनंतरच करायचं, कारण त्या स्टिकरचंही स्पॅनिश भाषांतर लागतं. ते करणारी व्यक्ती स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयाने नेमलेली शपथबद्ध अनुवादकच हवी. यादी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे आणि स्कॅन पाठवून काम होतं. सांगलीत इंग्रजी-मराठी भाषांतर करून शिक्का मारून देणारे आहेत, त्यांचा इथे उपयोग नाही.

ओमानच्या पोलीस दाखल्याचं काम तुलनेने सोपं. ओमान 2012 पासून अपोस्टील करारात आहे. पैशांचा हिशोब असा: विद्यार्थ्याला महिना 600 युरो, सोबतच्या पहिल्या माणसाला त्याच्या 75 टक्के आणि पुढच्या प्रत्येकाला 50 टक्के. आमचे तिघांचे झाले 1,350, वर्षाचे 16,200 युरो. खातं नवऱ्याचं होतं, म्हणून विवाहदाखला आणखी महत्त्वाचा. डॉक्टरांच्या दाखल्यात 2005 च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांचा उल्लेख असलेलं ठरावीक वाक्य लागतं. 'तब्येत ठणठणीत' एवढं लिहून आणलंत तर परत जावं लागेल.

मला उशिरा सुचलेली गोष्ट: ओमानला सुटी शुक्रवार-शनिवार, आपल्या सरकारी कचेऱ्यांना शनिवार-रविवार. दोन्हीकडे एकाच वेळी काम चालतं ते सोमवार ते गुरुवार. नवऱ्याच्या कचेरीतून पत्र हवं, बँकेचा शिक्का हवा, असं काही इकडून मागवायचं असेल तर बुधवारच्या आत सांगा. मी शुक्रवारी दुपारी मंत्रालयासमोर पावसात छत्री धरून त्याला फोन लावत होते, आणि तो साहेब मुलीशिवायच्या पहिल्या सुटीत दुपारची झोप काढत होता.